बायनाबाईनं दाखवलेली जागा

हिवरदरीत मरायचं असेल तर माणसानं गुढीपाडवा झाल्यावर मरावं आणि दसऱ्याच्या आत उरकून घ्यावं, असं बायनाबाईचं स्पष्ट मत होतं. बाकीचे महिने त्या कामाचे नाहीत. दिवाळी पदरात पडते न पडते तोच ट्रॅक्टर येतात आणि घाटनांदूरच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून बसलेली ही साठ-सत्तर उंबऱ्यांची वस्ती ऊस तोडायला निघून जाते. जाते ती थेट पाडव्याच्या तोंडावर परत येते. मागं उरतात गुडघे गेलेली म्हातारी माणसं, चार कुत्री आणि दारादाराला कुलपं. अशात कुणी गेलं तर खांदा द्यायला चार धड माणसं मिळत नाहीत. बायनाबाईचा नवरा श्रावणात गेला होता. सगळी वस्ती घरी, भावकी जमलेली, रीतसर भजन म्हणत नेला त्याला. हयातीत त्यानं फार शहाणपणाची अशी दोन-चारच कामं केली, त्यातलं हे एक, असं ती म्हणायची.

वस्तीतल्याच सरस्वतीबाईला ते जमलं नाही. दोन वर्षांमागं संक्रांत झाल्यावर ती गेली. दोन्ही मुलगे सांगलीकडं उसाच्या फडात. बायनाबाईनंच तिला आंघोळ घातली, लुगडं नेसवलं, आणि घाटनांदूरहून ट्रॅक्टर मागवून ट्रॉलीतून तिला नेली. अग्नी दिला शेजारच्या आसारामनं, ज्याचं तिच्याशी नातं एवढंच, की तिची कोंबडी त्याच्या अंगणात अंडी घालायची. मुलगे तिसऱ्या दिवशी राख सावडायला आले आणि चौथ्या दिवशी परत गेले. बायनाबाईच्या मनातून जाईना ते सरस्वतीबाईचं तोंड. पोटच्या पोराच्या हातचं घोटभर पाणी त्यात पडलं नव्हतं. दुसऱ्या कुणी पाणी घातलं की ते ओठाच्या कडेनं खाली येतं, असं तिला वाटायला लागलं होतं.

त्या वर्षी पाडव्याला तिचा एकुलता एक मुलगा सोमेश्वर फडावरून आला, तेव्हा तिनं त्याला चहासुद्धा ओठाला टेकवू दिला नाही. आधी योगेश्वरी देवीची आण घे म्हणाली. मी कधीही गेले, तू कुठंही असलास, तरी तू येणार. तुझ्या हातचं पाणी तोंडात पडल्याशिवाय मला उचलायचं नाही. सोमेश्वर आधी हसला, मग आईचं तोंड बघून गप्प झाला आणि त्यानं आण घेतली. बायनाबाईनं जन्मात माणसाकडं फारसं काही मागितलं नव्हतं. मागितलं ते एवढंच, आणि ते मिळालं म्हणून दोन वर्षं ती निवांत होती.

तिनं स्वतः एकतीस हंगाम कोयता चालवला होता; टोळीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. सोमेश्वरचा जन्मही उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत झालेला. बाळंत झाली त्याच्या नवव्या दिवशी ती मोळ्या बांधत होती. पाच वर्षांमागं गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा मुलगा आणि सून सुनिता म्हणाले, आता तू घरी राहा. ती राहिली आणि बघता बघता वस्तीच्या किल्ल्या तिच्याकडं आल्या. नेमणूक वगैरे कुणी केली नाही. आधी शेजारणीनं दिली, मग पलीकडच्या बंकटनं दिली, मग रांगच लागली. आता तेवीस किल्ल्या एका कापडी पिशवीत घालून ती गळ्यात बाळगायची. अंधारात हात घातला तरी कुठली कुणाची ते बोटांना कळायचं. आणि नियम एकच: घरधन्याचा फोन आल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. किल्ली दिली म्हणजे घर दिलं असं होत नाही.

जानेवारी सरत आला असताना एका सकाळी चार पोरं मोटारसायकलींवरून वस्तीत आली. त्यांची म्होरकी शिवकन्या नावाची पोरगी. घाटनांदूरची, अंबाजोगाईच्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला. कॅमेऱ्याची बॅग गळ्यात अडकवून तिच्याबरोबर होता अबरार. त्याच्या वडलांचं अंबाजोगाईला गॅरेज आहे. बाकीचे दोघे सामान वाहायला. कॉलेजात त्यांना एक फिल्म करायची होती, आणि ती करू द्यायची की नाही हे सर लोक आधी तिचा तीन मिनिटांचा ट्रेलर बघून ठरवणार होते. कॅमेरा कॉलेजचा, संध्याकाळी सहाच्या आत परत द्यायचा. जागा अजून ठरलेली नव्हती.

ट्रेलर म्हणजे काय, हे बायनाबाईनं आधी विचारून घेतलं. अबरारनं सांगितलं, की पुढं पिक्चरमध्ये काय होणार त्याची झलक. म्हणजे अजून घडलं नाही ते आधी दाखवायचं, असं ती म्हणाली. ‘हौ आजी, तसंच,’ अबरार म्हणाला. हे काही तिला फारसं पसंत पडलं नाही, पण पोरं गोड होती आणि दोन महिन्यांत वस्तीत तरणं माणूस दिसलं नव्हतं. तिनं त्यांना चहा केला आणि विषय विचारला. शिवकन्या जरा चाचरली. मग तिनं सांगून टाकलं, की एक म्हातारी रिकाम्या वस्तीत मरते आणि तिचा मुलगा ऊसतोडीला गेलेला असतो, अशी गोष्ट आहे. बायनाबाईनं बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, यात काय गोष्ट, ही तर आमची सरस्वती.

मग सुरू झाली जागा बघायची फेरी. पुढं काठी टेकत बायनाबाई, मागं पोरं. पहिलं घर बंकटचं. दाराच्या फटीतून अबरारनं आत डोकावून बघितलं. पत्र्याला भोक होतं आणि त्यातून उन्हाचा एक पट्टा सरळ चुलीवर पडला होता. तो हरखून गेला. त्यानं शिवकन्याला बोलावलं, तिनं बघितलं, आणि दोघांनी बायनाबाईच्या गळ्यातल्या पिशवीकडं बघितलं. बायनाबाईनं उंबऱ्याकडं बोट दाखवलं. जाताना बंकटच्या बायकोनं तो शेणानं सारवून वर हळदी-कुंकवाची पाच बोटं ओढली होती. परत आल्यावर त्यावरून पहिलं पाऊल तिचं पडायला हवं. मधे परक्याचं पडलं तर वर्ष धड जात नाही, असं मानतात. पोरांनी फोन करून परवानगी घेऊ म्हटलं. फोन लावला तर तो फडात लागेना. बायनाबाई पुढं चालायला लागली.

दुसऱ्या घराच्या ओसरीला तुळईला पाळणा बांधलेला होता. लेकरू आई-बापाबरोबर गेलेलं, पाळणा इथंच. इथं कुलपाचा प्रश्न नव्हता, ओसरी उघडीच. अबरारनं कॅमेरा काढला आणि सामानवाल्या पोरातल्या एकानं कौतुकानं पाळण्याला झोका दिला. बायनाबाईनं काठी आपटली. रिकामा पाळणा हलवू नये, लेकराला बाधतं, हे तुमच्या आयांनी शिकवलं नाही का, म्हणून तिनं चौघांनाही झाडलं. अबरार म्हणाला, ‘आमच्यातबी असंच म्हणतात, आजी,’ आणि त्यानं दोन्ही हातांनी पाळणा धरून थांबवला. तेव्हापासून बायनाबाईचा त्याच्यावर जीव बसला.

तिसरं घर टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या भावाचं, निळ्या रंगाचं, स्लॅबचं. ते गरीब दिसेना. चौथ्याला खिडकीच नाही. शाळा उघडी होती, पण आत म्हाताऱ्यांपाशी मागं ठेवलेली नऊ लेकरं आणि एक गुरुजी बसलेले. शिवकन्यानं मग स्मशान बघू म्हटलं. बायनाबाईनं तेही दाखवलं. ओढ्याकाठी चार लोखंडी खांब, वरचे पत्रे गेल्या वैशाखाच्या वाऱ्यात उडालेले. इथं माणूस जळताना पाऊस आला तर काय, असं पोरीनं विचारलं. वाट बघायची, बायनाबाई म्हणाली. अबरारनं खांबांचे दोन फोटो काढले आणि पुसून टाकले.

बारा वाजले. पोरं चिंचेखाली बसली. शिवकन्याचं तोंड उतरलं होतं. सहाच्या आत कॅमेरा परत, आणि हातात घर नाही. तिनं बायनाबाईला काही म्हटलं नाही, उलट आजी तुमी बरोबर हायात म्हणाली, पण बोलता बोलता ती सामान परत आवरायला लागली. बायनाबाईला तिची कीव आली. तेवीस घरांच्या किल्ल्या गळ्यात घालून फिरणारी बाई एका पोरीला एक खोली देऊ शकत नाही, याची तिला लाजही वाटली.

‘माझंच घ्या की मंग,’ ती म्हणाली. ‘माझ्या दाराची परवानगी मला कुणाला विचारायची न्हाई.’

अबरार आत गेला. मातीच्या भिंती, एक कोनाडा, खाट, खुंटीला लुगडं, खिडकीला पोतं. त्यानं खिडकीचं पोतं वर करून उजेड बघितला. मग बाहेर येऊन शिवकन्याला म्हणाला, हेच. इथं काहीच बदलायला नको. आपलं राहतं घर मेलेल्या बाईचं म्हणून एका नजरेत पसंत पडावं, यात हरखावं की रडावं हे बायनाबाईला क्षणभर कळेना. ती हरखली. तिच्या घराला पहिल्यांदाच कुणी चांगलं म्हटलं होतं.

एवढ्यात आसाराम आला. सत्तरीचा माणूस, कानानं अधू, तिच्या नवऱ्याचा लहानपणापासूनचा सोबती. नातवानं त्याला मोठा मोबाईल देऊन ठेवला होता, आणि ऐकू येत नाही म्हणून तो सदा स्पीकरवर बोलायचा. त्याचे घरगुती भानगडींसकट सगळे फोन अर्ध्या वस्तीला पाठ. काय चाललंय ते कळल्यावर त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. जित्या माणसाच्या घरात असलं नाटक करू नये म्हणाला. बायनाबाईनं त्याला गप्प बसवलं. मेल्यावर कोण येणार आहे बघायला, आत्ताच बघून घेते, असं म्हणून ती हसली. शिवकन्यानं आसारामला सांगितलं, की दाराशी सुतकी चेहऱ्यानं बसायला एक माणूस लागतो. आसारामनं घरी जाऊन धुतलेला सदरा घातला, टोपी काढून खिशात ठेवली आणि येऊन इतका सुतकी बसला, की अबरारला त्याला थोडं कमी करा म्हणावं लागलं.

काम सुरू झालं. सगळ्यांचे फोन बंद करायला सांगितले. बायनाबाईचा साधा फोन एका पोरानं बंद करून कोनाड्यात ठेवला. तिला स्वतःला तो बंद-चालू करता येत नव्हता, आणि अडतही नव्हतं. सोमेश्वरचा फोन रविवारी यायचा आणि तो वार बुधवार होता. ती खिडकीबाहेर बसून, पोतं जरा सारून आत बघत राहिली. शिवकन्यानं जमिनीवर तांदळाचं पीठ पसरलं, त्यात पणती ठेवली आणि वात पूर्वेला केली. शहाणी पोरगी, पण तिच्या घरी अजून कुणी गेलं नसावं. बायनाबाईला ते बघवेना. एक तर करू नये, आणि करायचं तर नीट करावं, अशा स्वभावाची ती. उठून आत गेली.

तिनं आधी खाट उचलून भिंतीला उभी करायला लावली. जीव गेलेल्या घरात खाट आडवी ठेवत नाहीत. खुंटीवरचं लुगडं काढलं. पीठ चाळून पातळ पसरलं, म्हणजे त्यावर पावलं उमटतात आणि गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते सकाळी कळतं. ते झाकायची दुरडी शेजारी कलती ठेवली. शेवटी पणतीची वात दक्षिणेकडं वळवली. ते दक्षिणेचं तोंड दिसलं आणि शिवकन्या दोन पावलं मागं सरली. आसारामनं दाराशी बसल्या बसल्या खरोखरच डोळे पुसले. अबरारनं तो देखावा तीनदा घेतला. तिसऱ्यांदा झाल्यावर शिवकन्यानं बायनाबाईला मिठी मारली, आणि बायनाबाईला वाटलं, बरं झालं आपण नीट करून दिलं.

आसारामनं एका पोराला आपला मोबाईल देऊन सांगितलं, माझ्यातबी घ्या. त्या पोरानं घेतलं. आधी दार, दाराशी उघड्या डोक्यानं बसलेला आसाराम, मग आत उभी खाट, दुरडी, पीठ, दक्षिणेला तोंड केलेला दिवा. अर्ध्या मिनिटाचं. नातवानं शिकवलं होतं तसं आसारामनं संध्याकाळी ते स्टेटसला ठेवलं. आपलं काम लोकांनी बघावं, एवढीच त्याची हौस. त्याखाली काही लिहायला त्याला येत नव्हतं. मग तो भाकरी खाऊन झोपला.

सकाळी बायनाबाई कालचं पीठ झाडूनं गोळा करत होती, तेव्हा आसाराम मोबाईल हातात धरून अंगणात आला. रात्रभर कुणी फोन केलेत बघ वहिनी, चष्म्याबिगर दिसेना, असं तो म्हणतोय तोच फोन वाजला. त्यानं दाबला. स्पीकरमधून सोमेश्वरचा आवाज आला, आणि तो आवाज रडत होता.

‘नाना, मी रातीच बघितलं. दक्षिणेचा दिवा बघितला अन् हातातली भाकर तशीच ठिवली. मायचा फोनबी बंद. तुमी उचलंनात. नाना, काय झालतं तिला?’

बायनाबाईला एका क्षणात सगळं कळलं. आसारामलाही कळलं, त्याचं तोंड उघडलं, आणि बायनाबाईनं हात वर करून त्याला थांबवलं. का थांबवलं, हे तिनं पुढं स्वतःला किती वेळा विचारलं असेल. माणूस मरतं आणि मागं काय झालं ते त्याला कधी कळत नाही. तिला ते फुकटात ऐकायला मिळत होतं. तिला हाव सुटली. तिला एकच शब्द ऐकायचा होता: निघालो. तेवढा ऐकला की ती आसारामच्या हातातून फोन घेणार होती आणि पोराला म्हणणार होती, अरे येड्या, मी जिती हाय. तिला तर हसूसुद्धा येत होतं.

आसाराम गोंधळून उभा. काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून त्यानं कुणीही शेजारी विचारतो ते विचारलं. ‘तू येतूस न्हवं?’

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता आणि कोयत्यांचा. उसाच्या बुडख्यावर कोयता कसा वाजतो ते बायनाबाईला दुरूनही ओळखू येतं.

‘नाना, टोळीतली दोन कोयती आजारी हायेत,’ सोमेश्वर म्हणाला. ‘आमी नवरा-बायको उठलो तर गाडी भरत न्हाई. मुकादम म्हणतो, गेली ती काय परत येती का. दहाव्याला जा म्हणतो.’

‘मंग तू काय म्हणालास?’

‘मी काय म्हणणार, नाना.’

बायनाबाईचा वर केलेला हात तसाच राहिला. आसारामनं तिच्याकडं बघायचं टाळलं.

‘तुमी माती उरकून घ्या,’ सोमेश्वर रडत रडत सांगत होता. ‘तिला लई येळ ठिवू नका. सरस्वतीमावशीला दिला तसा तुमीच अग्नी द्या. अन् नाना, पाणी घालताना माझं नाव घ्या. सोमेश्वर पाणी घालतोय म्हणा. म्हंजी तिला वाटंल, मीच हाय.’

मग कुणीतरी त्याला हाक मारली. येतो, असं तो तिकडं ओरडला आणि फोन बंद झाला.

बायनाबाई झाडू हातात धरून खाली बसली. राग आला असता तर बरं झालं असतं. राग येईना. मुकादमाचं ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं. तिची स्वतःची आई गेली तेव्हा ती तिशीत होती, फडात होती, आणि त्या वेळच्या मुकादमानंही असंच म्हटलं होतं, की गेली ती काय परत येते का. तीही दहाव्यालाच गेली होती. पण तेव्हाचे दिवस वेगळे, तेव्हा फोन नव्हते, निरोप उशिरा पोचला, असं ती आजवर स्वतःला सांगत आली होती. निरोप दुसऱ्याच दिवशी पोचला होता. हे ती कुणापाशी बोलली नव्हती. आणि आपल्या पोराला आण घातली की आपल्या नशिबी ते येणार नाही, असं तिनं धरून चाललं होतं. पोरानं आण मोडली म्हणावं, तर पोराच्या हातात काय होतं? तिच्याही हातात काही नव्हतं. तिला हंबरडा फोडून रडावंसं वाटलं आणि रडायला कुणाच्या नावानं, हेच कळेना.

आसाराम तिच्यापुढं उकिडवा बसला. माझ्यामुळं झालं वहिनी, माझ्या हौसेनं झालं, असं तो परत परत म्हणत होता. तो मोबाईल चाचपत होता, आत्ताच्या आत्ता सोमेश्वरला सांगतो म्हणत होता.

‘सांगा,’ बायनाबाई म्हणाली. ‘कॉलेजच्या पोरांचं नाटक हुतं म्हणून सांगा. पण मी ऐकलं ते सांगू नका. म्या हितं नव्हतेच. पाण्याला गेलते.’

‘कावून पण, वहिनी?’

‘त्याला मला तोंड दाखवायचं हाय अजून.’

फोन दोनदा कट झाला, तिसऱ्यांदा लागला. आसारामनं जमेल तसं सांगितलं. नाटकातला दिवा, शिवकन्या, अंबाजोगाईचं कॉलेज. वाक्यं त्याच्या तोंडात एकमेकांत अडकत होती.  मग सोमेश्वरनं आसारामला आई-माईवरून शिवी दिली, आणि मग तो लहान मुलासारखा रडायला लागला. माय कुठं हाय, असं त्यानं विचारलं. आसारामनं बायनाबाईकडं बघितलं. आली बघ आत्ताच, असं म्हणून त्यानं मोबाईल तिच्यापुढं धरला.

‘माय,’ सोमेश्वर म्हणाला. ‘माय, मी निघालोच हुतो गं. पिशवी भरली हुती. सुनितानं भाकरी बांधल्या हुत्या. मुकादमाला म्हणलं, काय करायचं ते कर, मी चाललो.’

‘ठावं हाय मला,’ बायनाबाई म्हणाली.

‘नानाला इचार पायजे तर.’

‘कशाला इचारू. मला ठावं हाय न्हवं, तू आला असतास.’

मग तो तिला रागावला. या वयात असली नाटकं करतीस, माझा जीव गेला असता म्हणाला. तिनं ऐकून घेतलं. जेवलास का विचारलं. सुनितेच्या बोटाला कोयता लागला होता त्याचं काय झालं, तेही विचारलं. ती नेहमी विचारते तेवढं सगळं तिनं विचारलं, तेवढ्याच सावकाशीनं. तिकडून परत हाक आली तेव्हा तिनंच त्याला जा म्हटलं. आसारामनं तिचा फोन कोनाड्यातून काढून चालू करून दिला आणि मान खाली घालून तो घरी गेला. त्या दिवशी त्यानं कुणाचाच फोन घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायनाबाईच्या फोनवर शिवकन्या बोलली. आवाजात आनंद मावत नव्हता. सरांना ट्रेलर फार आवडला होता. सगळ्यात जास्त आवडलं ते घर, अशी जागा कुणालाच मिळाली नव्हती म्हणाले. फक्त शेवट कमी पडतो. बघणाऱ्याला थोडा धीर वाटला पाहिजे, म्हणून शेवटी मुलगा फडावरून धावत येतो आणि आईच्या तोंडात पाणी घालतो असं दाखवा, त्यासाठी अर्धा दिवस कॅमेरा देतो, असं त्यांनी सांगितलं होतं. तर आता त्या देखाव्याची जागा ठरवायची होती. वस्ती आजीइतकी कुणाला ठाऊक नाही, म्हणून शिवकन्यानं आधी तिलाच विचारलं.

‘आजी, त्याला कुठून येताना दाखवू? खालच्या रस्त्यानं, का ओढ्याकडून?’

बायनाबाई दारात उभी होती. दोन्ही वाटा तिथून दिसत होत्या. खालची वाट चिंचेपासून वळून थेट अंगणात येते; माणूस लांबूनच ओळखू येतं, चालीवरून. या वाटेनं सोमेश्वर दर पाडव्याला येतो. ओढ्याकडची वाट स्मशानावरून येते, तिच्यावरून यायचं कुणाला काम नसतं. तिनं दोन्हींकडं पुरतं बघून घेतलं.

‘कुठूनच येतोय असं दाखवू नकू, पोरी,’ ती म्हणाली.

अपशकुन होतो का, असं शिवकन्यानं घाबरून विचारलं. तसं काही नाही, बायनाबाई म्हणाली. मग का, हे पोरीनं दोन-तीनदा विचारलं, आणि बायनाबाईनं ते काही सांगितलं नाही. शिवकन्या हिरमुसली. सरांना काय सांगू, शेवटी पाणी कुणी घालतंय असं दाखवू, म्हणून तिनं विचारलं.

‘शेजाऱ्याला घालू दे,’ बायनाबाई म्हणाली. ‘आसाराम भावजी हायेत, त्यांना जमतं. अन् घालताना त्यांना पोराचं नाव घ्यायला सांग.’